अळणी भाजी कोणाला कळली? : स्त्रीवादी समीक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील स्त्रीवादी साहित्यसमीक्षेवरील लेख वाचून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बरेच प्रश्न एकमेकांच्या जवळचे असल्याने ते एकत्र करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी अमळनेरला एम.ए. करते. वर्गात केट मिलेट, इलेन शोवॉल्टर, ज्युडिथ बटलर या अमेरिकन स्त्रीवादी अभ्यासकांची नावे येतात आणि सरावाच्या प्रश्नांत ‘बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतील स्त्रीवाद स्पष्ट करा’ असे येते. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती आणि जिने संसाराचे गोडवे गायले, तिला स्त्रीवादी म्हणायचे कसे? की परीक्षेपुरते म्हणून टाकायचे?

उत्तर : परीक्षेपुरतेही म्हणू नका. बहिणाबाई स्त्रीवादी होत्या की नव्हत्या हा वाद मी सोडून दिला आहे, कारण समीक्षा म्हणजे दाखले देणारे तलाठी कार्यालय नव्हे. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बाईंना ही संज्ञा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि आज ती त्यांना चिकटवल्याने त्यांच्या कवितेतील एकही ओळ अधिक कळत नाही. स्त्रीवादी समीक्षा विचारते ते निराळेच असते. या ओळीत कोण बोलते, कोणाला उद्देशून बोलते, घरातले कोणते काम दिसते आणि कोणते गृहीत धरले जाते, आणि ही ओळ आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आली? हे प्रश्न कोणत्याही मजकुराला विचारता येतात. रचणाऱ्याची मते काय होती यावर ते अवलंबून नसतात.

तुम्ही दिलेल्या नावांपैकी दोघींची कामे इथे वेगळी ओळखायला हवीत. मिलेट यांनी १९७० साली ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ या ग्रंथात नामांकित पुरुष लेखकांची शृंगारवर्णने घेतली आणि त्यांत कोण कोणावर सत्ता गाजवते ते दाखवले. शोवॉल्टर यांनी १९७९ च्या एका निबंधात, पुरुषांचे साहित्य स्त्रीने वाचक म्हणून तपासणे आणि स्त्रियांनी रचलेल्या साहित्याचा इतिहास, विषय, घाट व परंपरा अभ्यासणे, अशी दोन कामे वेगळी केली. दुसऱ्या कामाला त्यांनी ‘गायनोक्रिटिक्स’ हे नाव दिले. बहिणाबाईंना हात घालायचा तो या दुसऱ्या बाजूने.

‘योगी आणि सासुरवाशीण’ ही कविता घ्या. माहेराचे गाणे सदा ओठी असलेल्या सासुरवाशिणीला योगी टोकतो की माहेर एवढे आवडते तर तू सासरी आलीस कशाला? तिचे शेवटचे उत्तर सर्वांना पाठ आहे: ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.’ ही ओळ भाषणांत इतक्यांदा वापरली गेली आहे की तिचा त्यागाचा सुविचार होऊन बसला आहे. आता वरचे प्रश्न घेऊन ती पुन्हा वाचा. विचारणारा पुरुष आहे आणि घरदार सोडून बसलेला आहे. घर सोडता येणे ही त्याची मोकळीक आहे, तिची नाही. सासरी येणे ही जणू तिचीच निवड होती असे त्याच्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. तिचे उत्तर वरवर हळवे वाटले तरी पक्के हिशेबी आहे. माहेर आपोआप उगवत नाही. एका बाईने परक्या घरात वर्षानुवर्षे राबून ते पुढच्या बाईसाठी उभे केलेले असते, आणि ज्या घरात ती स्वतः कायम बाहेरून आलेली आहे, तेच घर तिच्या मुलीच्या ओठी माहेर म्हणून येते. पुरुषाला जन्मापासून एकच घर पुरते, बाईला दोन असतात आणि बहुतेक वेळा दोन्हींच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. व्यवस्थेचा सांगाडा इतक्या थोड्या शब्दांत उघडा करणारे वाक्य सिद्धान्ताच्या जाड ग्रंथांतही मला क्वचितच सापडले आहे.

या वाचनावर एक आक्षेप घेता येतो आणि तो तुम्ही उत्तरपत्रिकेत जरूर घ्यावा. ही सासुरवाशीण व्यवस्था ओळखते, पण मोडत नाही. उलट आपल्या लेकीलाही त्याच वाटेने धाडण्याची तयारी करते. आक्षेप खरा आहे, तरी त्याच कवितेत तिला पोटी लेक हवी आहे, हेही विसरू नये. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, हे माहीत असलेल्या वाचकाला ती इच्छा साधी वाटणार नाही.

वैधव्यावरच्या ओळींतही हेच धारदार पाहणे आहे. ‘लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू रेखा उघडी पडली’ असे म्हणताना कुंकू पुसले जाण्याचे दुःख आहेच, पण कुंकवाने आजवर काहीतरी झाकले होते, ही जाणीवही आहे. पुढे हीच बाई हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला दारातून परत पाठवते. नशिबाचा अर्थ लावण्याचा अधिकार ती दुसऱ्याकडे देत नाही.

उरला तो प्रश्न कोणाच्या हातून आले याचा, आणि तो वर्गात सहसा विचारला जात नाही. बहिणाबाई गात होत्या; कागदावर उतरवले ते त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. पुस्तक निघाले १९५२ साली, म्हणजे बहिणाबाई गेल्यानंतर, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेने ते महाराष्ट्रभर पोचले. या तिघांचे ऋण मोठे आहे. त्यांनी हे केले नसते तर आज आपल्या हाती काहीच नसते. तरीसुद्धा कोणती गाणी टिपली गेली, कोणती राहिली, बायकांच्या घोळक्यात गायलेले एखादे गाणे मुलासमोर गायले गेले का, आणि ‘निरक्षर असूनही’ हे कौतुकाचे शब्द प्रत्येक परिचयात का येतात, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. जात्यावर आणि शेतात तयार झालेल्या मौखिक रचनेला निरक्षरता हा अडथळा होता, असे आपण छापील पुस्तकाच्या बाजूने पाहतो म्हणून वाटते.

प्रश्न : मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक आहे. माझी पिढी ‘श्यामची आई’ वाचून वाढली. आता त्या आईलाही ‘पितृसत्तेची बळी’ म्हणण्याची टूम निघाली आहे. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांवर आईची माया केली. त्यांच्या पुस्तकाची अशी चिरफाड करून आपण काय साधणार?

उत्तर : सर, आपला राग मला समजतो, आणि नुसती ‘बळी’ म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षेविषयी माझीही तक्रार आहे. तसे म्हणणाऱ्याला पुस्तक वाचण्याची गरजच उरत नाही. पण आपण स्वतः वर्गात कदाचित अनेकदा शिकवलेली ‘अळणी भाजी’ ही गोष्ट एकदा पुन्हा समोर घ्यावी, अशी विनंती आहे.

आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, वर भाजीची स्तुती करतात आणि मुलांनाही बोलू देत नाहीत, कारण रांधणारीचे मन दुखू नये. हा संयम मोठा आहे आणि गुरुजींना तोच सांगायचा आहे. आता एवढेच पाहा की भाजी अळणी असल्याचे आईला कळते केव्हा. सर्वांची पाने उठल्यावर ती स्वतः जेवायला बसते तेव्हा. ती शेवटी जेवते, ही गोष्ट कथेत कोणी मुद्दाम सांगत नाही, कोणाला ती सांगण्यासारखी वाटत नाही, आणि तरी तिच्यावाचून ही कथा घडूच शकत नाही. ती सर्वांबरोबर पाटावर बसली असती तर पहिल्या घासाला कळले असते, वडिलांना संयम दाखवण्याची संधी मिळाली नसती आणि आपल्याला बोधही मिळाला नसता. बोधाचा पाया त्या न सांगितलेल्या रीतीवर आहे, हे दाखवण्याला चिरफाड म्हणावे का, याचा विचार आपणच करावा.

अमेरिकन समीक्षक ज्युडिथ फेटरली यांनी १९७८ साली ‘प्रतिकार करणारी वाचक’ ही कल्पना मांडली. पुरुष निवेदकाच्या नजरेने लिहिलेले साहित्य वाचताना मुलगीही नकळत त्या नजरेशी एकरूप होते आणि स्वतःविरुद्धच वाचू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या वर्गातील मुलींनी ही गोष्ट वाचताना श्यामच्या जागी बसून वाचली असणार. आईच्या जागी बसून वाचायला त्यांना कोणी सांगितले नाही.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाचा एक पैलू मात्र स्त्रीवाद्यांनी पुरेसा दाखवलेला नाही, असे माझे मत आहे. वात्सल्य, रडणे, सेवा हे सगळे ज्या काळात बाईच्या वाट्याला टाकले जात होते, त्या काळात एका पुरुषाने ते उघडपणे आपले म्हणून मिरवले. त्याबद्दल त्यांची ‘रडके’ म्हणून टिंगलही झाली. त्या टिंगलीत पुरुषाने कसे असावे याविषयीचा जो धाक आहे, तो तपासायला हीच समीक्षा उपयोगी पडते.

प्रश्न : शिरपूरहून लिहितो आहे. मी पुरुष, इंजिनिअर. ‘लिंगभाव हा अभिनय असतो’ असे बटलरबाई म्हणतात असे वाचले. म्हणजे बाई असणे, पुरुष असणे हे सोंग आहे काय? आणि या सगळ्यात पुरुषाला काय काम?

उत्तर : सोंग रात्री चढवले आणि पहाटे उतरवले जाते. बटलर यांच्या १९९० च्या ‘जेंडर ट्रबल’ या ग्रंथावर नेमका हाच गैरसमज जगभर झाला, आणि १९९३ च्या पुढच्या पुस्तकात तो खोडून काढण्याचा प्रयत्न त्यांना करावा लागला. म्हणणे असे आहे की बसणे, चालणे, आवाज, पेहराव, लाजणे, दरडावणे या कृती रोज, धाकाखाली, पुन्हापुन्हा केल्याने ‘बाई’ आणि ‘पुरुष’ घट्ट होत जातात. आधी आतमध्ये एक तयार बाई असते आणि मग ती अशी वागते, असा क्रम नाही. कृती चुकली तर शिक्षा होते, यावरून ती ऐच्छिक नसल्याचे दिसते.

मराठी माणसाला हे समजावून घ्यायला पॅरिस-न्यूयॉर्कचे उदाहरण लागू नये. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्री-भूमिका पाहून महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, दागिने घालू लागल्या, केसांत फुले माळू लागल्या. एक पुरुष बाईची नक्कल करतो आणि खऱ्या बाया त्या नकलेची नक्कल करतात. अशा वेळी अस्सल कोणते हे सांगणे अवघड होते, आणि नकलेमागे अस्सल मूळ प्रत नसतेच, हा बटलर यांचा मुद्दा आहे. फरक एवढाच की बालगंधर्वांना रंगमंचावरून उतरल्यावर पुरुष म्हणून जगता येत होते, आणि प्रेक्षागृहातील बाईला पदर सांभाळतच घरी जायचे होते. हा फरक ‘अभिनय’ या शब्दाच्या मोहात अनेक अभ्यासक विसरतात.

पुरुषाचे काम काय, याचे उत्तर आपल्याकडच्या अखजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणात आहे. लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी रंगतात, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. त्या डावावर न बसणाऱ्या, हरण्याची भीती वाटणाऱ्या जवान पोराला काय ऐकावे लागते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) या अंगाने वाचून पाहा. बापाच्या अपेक्षा, थोरला मुलगा म्हणून पाठीवर ठेवलेले ओझे, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूने मोडलेला कथानायक पांडुरंग; पुरुष होण्याची किंमत तिथे पानोपानी आहे. मात्र मनी स्वतः कादंबरीत किती बोलते, हेही त्याच बैठकीत मोजून पाहा.

प्रश्न : नंदुरबारहून. आमच्या भागातल्या बाया शेतात, जंगलात, मजुरीवर पुरुषाच्या बरोबरीने राबतात. शहरातल्या, वरच्या जातीच्या बायकांचा आणि परदेशी पुस्तकांचा हा स्त्रीवाद आमच्या काय कामाचा?

उत्तर : हा प्रश्न स्त्रीवादाच्या आतूनच, आणि तोही मराठी अभ्यासकांनी, जोरकसपणे विचारला आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळे बोलतात हा मुद्दा मांडला आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्याला पुढे नेत, जातीच्या तळाशी उभे राहिल्यावर जे दिसते तेथून सिद्धान्त बांधायला हवा, असे म्हटले. घराबाहेर पडून काम करण्याचा हक्क ही एका वर्गाची मागणी होती. ज्यांना बाहेर राबण्यावाचून गत्यंतरच नव्हते त्यांचे दुःख वेगळे होते. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ वाचताना हा फरक ठळक दिसतो, कारण तेथे जात, भूक आणि नवऱ्याचा मार एकाच वाक्यात येतात.

तुमच्या सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत हुंडा नसून देजाची, म्हणजे वरपक्षाने वधूपक्षाला रक्कम देण्याची रीत आहे. त्यावरून ‘आदिवासींत समानता आहे’ असा निष्कर्ष बाहेरचे लोक पटकन काढतात, आणि काही जण उलट ‘बाई विकत घेतात’ असे म्हणतात. दोन्ही मते त्या बाईला न विचारता बनवलेली आहेत.

राहिली परदेशीपणाची गोष्ट. खान्देशाला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर नवजात बाळाच्या हत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार सुरू झाला, त्याला हे उत्तर होते. बाई कपटी, बाई चंचल, असे कथा-पुराणांत आणि त्या काळच्या पुस्तकांत रंगवणारे पुरुष स्वतः कसे आहेत, असा उलटा सवाल ताराबाईंनी केला. मिलेट यांनी जे १९७० साली केले त्याच जातीचे हे काम अठ्ठ्याऐंशी वर्षे आधी झाले होते. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी नंतर पुस्तक विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा उजेडात आणले. त्याहीआधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता आणि त्यात तिने जातीबरोबर बाळंतपणाच्या हालांचीही गोष्ट केली होती. तेव्हा उसनवारीची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र घरचे विसरल्याची थोडी बाळगावी.

प्रश्न : मी चोपड्याची गृहिणी. माझ्या सासूबाईंना गुलाबाईची आणि अखजीची पुष्कळ गाणी येतात. मुलगी म्हणते, टिपून ठेव, यावर लोक अभ्यास करतात. खरेच का? या पोरीबाळींच्या गाण्यांत अभ्यासण्यासारखे काय असते?

उत्तर : खरेच करतात. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या होत्या, आणि गी पॉइटव्हाँ व हेमा राईरकर या संशोधकांनी पुणे परिसरातून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या.

काय असते ते तुम्हाला ठाऊक असलेल्या एका गाण्यावरून सांगते. गुलाबाई किंवा भुलाबाई या मुलींच्या सणात कारल्याचे गाणे म्हणतात. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू सांगते, कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल येऊ दे. कारले लागले, तर भाजी कर. सगळे झाल्यावर उत्तर येते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार, आणि मग घरातील एकेकाकडे तिची रवानगी होते. घरात परवानगी कोणकोणाची लागते, त्यांचा क्रम कोणता, ‘नाही’ न म्हणता ‘नाही’ कसे म्हणतात आणि बाईच्या कामाला अंत कसा नसतो, हे सारे या गाण्यात आहे, आणि आठ-दहा वर्षांच्या मुली ते हसत, टिपऱ्यांच्या तालावर म्हणतात. वर शिरपूरच्या वाचकांना जे पुनःपुन्हा करण्याविषयी सांगितले, त्याची तालीम इथे चालू असते; पण सासूची नक्कल करताना मुली जो चेकाळलेला आवाज काढतात, तो ऐकला की त्या नुसते शिकत नसून टोमणाही मारत आहेत, हे कळते. सिद्धान्ताला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरता आल्या पाहिजेत.

तुम्ही टिपाच. गाणे आहे तसे, अहिराणीत वा लेवा बोलीत, उच्चारानुसार लिहा. प्रमाण मराठी करू नका, आणि एखादी ओळ अश्लील किंवा खुळी वाटली म्हणून गाळू नका. शक्य असेल तर मोबाइलवर आवाजही घ्या, मात्र सासूबाईंना आधी विचारून, आणि हे पुढे कोणाला ऐकवायचे आहे का तेही सांगून. एकच गाणे दोनदा म्हणताना शब्द बदलले तर दोन्ही रूपे लिहून ठेवा. गाताना खोलीत पुरुष होते की नव्हते याची नोंद करा, कारण त्याने गाणे बदलते. आणि प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे सासरचे व माहेरचे अशी दोन्ही गावे लिहा, शिवाय ते गाणे तिने कोणत्या गावी आणि कोणाकडून उचलले तेही. गाणी मुलींबरोबर लग्न होऊन गावोगाव गेली आहेत. चोपड्यात आज म्हटले जाणारे गाणे सासूबाईंच्या आईच्या माहेरचे निघू शकते, आणि तो माग दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.